हाजराआपाचे शाकाहारी मासे

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हाजराआपाला लॅपटॉपवर सत्तावीस स्लाइड दाखवल्या. पार्कमधल्या प्रत्येक पाळण्याला कंपनी-प्रायोजक कसा मिळवायचा, हा विषय. ती खुर्चीत मागे रेलून सगळ्या स्लाइड नीट बघत होती. शेवटी 'थँक यू' आलं, तेव्हा म्हणाली, "हां, बरंय. पण तू यातल्या कशात बसलीस?"

"म्हणजे?"

"पाळण्यात गो. आकाशपाळणा, होडी, टक्करगाड्या. कशात बसलीस?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग जा, फिरून ये. मग बोल."

मी गेले. आकाशपाळणा वर जाऊन थांबला तेव्हा खाली भाट्याचा किनारा आणि सुरूचं बन दिसलं असणार. मी डोळे घट्ट मिटले होते, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. खाली उतरले तर आपा म्हणाली, "डोळे मिटलेस. मी हितनं बघितलंय." आणि त्या दिवसापासून पार्कमध्ये माझं नाव पीपीटी पडलं. पगारपत्रक सोडलं तर माझं खरं नाव तिथे कुणी वापरलं नाही.

'फिरून ये, मग बोल' हे तिने पुढे विमा कंपनीच्या विभागीय व्यवस्थापकाला ऐकवलं, पाळण्यांच्या तपासणीला आलेल्या इंजिनियरला ऐकवलं, आणि एकदा खुद्द मालकांना, शेठना. सगळे निमूट फिरून आले. काही जण फिरून आल्यावर बराच वेळ बोललेच नाहीत.

आमचा पार्क रत्नागिरीला, भाट्याच्या पुलापलीकडे, वर सड्यावर होता. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथे झाड धरत नाही, पण लोखंडी खांब चांगला धरतो, असं शेठ म्हणत. शेठ मूळचे हॉटेलवाले. पार्क तिकिटांवर चालत नाही, प्रायोजकांच्या बोर्डांवर चालतो, हे त्यांना कुणीतरी मुंबईत सांगितलं होतं. म्हणून मला घेतलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पत्रं चांगली लिहायची. समोर माणूस आला की मात्र माझा आवाज बसायचा. माझ्या खोलीच्या दारावर 'ब्रँड पार्टनरशिप्स' अशी पाटी होती. आपा चक्री चालवायची आणि पार्कचा माइक सांभाळायची. कंपनीचे लोक पाटी वाचून माझ्याकडे येत आणि पाच मिनिटांत आपाकडे जात.

मी तिला आधी 'तुम्ही' म्हणत असे. "तुमी काय गो?" ती म्हणाली, "मी कलेक्टर हाय?" मग मी तिला अगं-तूगं करू लागले. एवढ्या मोठ्या वयाच्या दुसऱ्या कुणालाही मी ते केलेलं नाही.

साठीची असेल. सलवार-कमीज, डोक्यावरून घट्ट ओढणी, आणि पायात धावण्याचे भडक नारिंगी बूट. मुलाने दोहाहून पाठवलेले. तिला धावताना कुणी पाहिलेलं नाही. मनगटावरचं घड्याळही मुलानेच दिलेलं, आणि ते दोहाच्या वेळेवर. म्हणजे आपल्या अडीच तास मागे. तिने ते बदललं नाही, आणि त्याचा उपयोगही पुरेपूर केला. शेठ म्हणत, "आपा, सात वाजले, बंद करा." आपा मनगट पुढे करायची. "कुठे? साडेचार." शेठ हताश होऊन निघून जात आणि रांगेतल्या पोरांना आणखी दोन फेऱ्या मिळत.

माइक हे तिचं खरं राज्य. प्रायोजकांच्या करारात एक कलम असे, की प्रत्येक फेरीआधी कंपनीचं पूर्ण नाव घ्यायचं. आपा ते कलम तंतोतंत पाळायची. पूर्ण नाव, प्रायव्हेट लिमिटेडसकट. मात्र त्यानंतर काय बोलायचं नाही, हे करारात लिहिलेलं नव्हतं.

"...विमा कंपनीचा आकाशपाळणा सुटतोय. घाबरायचं काम नाय. कंपनीने पाळण्याचा विमा उतरवलाय. तुमचा तुमी बघा."

टक्करगाड्यांना एका हाडांच्या हॉस्पिटलचा बोर्ड होता. तिथे ती सांगायची, "टक्कर मारा, पण बेतानं मारा. डॉक्टर रविवारी खेडला असतात."

हॉस्पिटलवाल्यांनी तक्रार केली. पत्र माझ्याकडे आलं. मी ते आपाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "रविवारी नसतात ना?" नसत, हे खरं होतं. पुढच्या रविवारपासून डॉक्टर इथेच बसू लागले, आणि आपाने मोठ्या मनाने माइकवरून तसं जाहीर केलं.

भूतबंगल्याची गोष्ट तर मी पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत माझी म्हणून सांगितली आहे. खरं तर ती आपाची. एका रंगाच्या कंपनीला भूतबंगला हवा होता. पण त्यांच्या साहेबांची अट अशी, की भिंती नीट दिसायला हव्यात. आत ट्यूबलाइट लावा. मी 'विचार करू' म्हटलं, कारण मला नाही म्हणता येत नाही. आपा म्हणाली, "साहेब, उजेडात हडळ बसवली तर ती तुमच्याच घरची कोणीतरी वाटेल." साहेबांना फिरायला पाठवलं. ते बाहेर आले तेव्हा चिडलेले होते. आतल्या भिंतीवर रक्ताचे ओघळ होते, आणि आमच्या रंगावर असले डाग चालणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

"डाग हाय म्हणून तर बरंय," आपा म्हणाली. "पुसून दाखवा की."

मग तसंच झालं. भूतबंगल्यात अंधार राहिला. एका भिंतीवर एकच दिवा, त्याखाली रक्ताचा ओघळ, आणि दर तासाला पांढऱ्या साडीतली हडळ ओलं फडकं घेऊन यायची आणि तो पुसून जायची. शेजारी पाटी : धुता येण्याजोगा. हडळ सांडगे विकणाऱ्या कुसुमताई होत्या, आणि त्या इतक्या मनापासून पुसत की बायका घाबरायच्या विसरून कोणता रंग म्हणून विचारत.

चक्रीला मात्र बोर्ड नव्हता.

चक्री पार्कच्या अगदी टोकाला होती, समुद्राच्या बाजूला. तिच्यावर घोडे नव्हते. अकरा मासे आणि एक खेकडा. आपाचे यजमान, इब्राहिमभाई, वीस-बावीस वर्षं जहाजावर होते. परत आले ते चक्री काढायची हे डोक्यात घेऊनच. मिरकरवाडा बंदरात होड्या बांधणाऱ्या सुताराकडे गेले आणि म्हणाले, घोडे नकोत, मासे कर. "आपल्या पोरांनी घोडा कुठे बघितलाय?" आपा त्यांची बाजू अजूनही मांडायची. "बांगडा रोज बघतात." सुताराने उरलेल्या फणसाच्या लाकडातून एकेक मासा असा काढला की खवलासुद्धा मोजून घ्यावा. रावसाच्या हनुवटीखाली काथ्याच्या मिशा होत्या. पोरं त्या उपटायची, आपा नव्या लावायची. जत्रा आणि उरूस करत चक्री दोघांनी जिल्हाभर फिरवली. इब्राहिमभाई गेल्यावर आपाने एकटीने चार वर्षं फिरवली. मग शेठनी पार्कमध्ये कोपरा दिला.

आमच्या घरी मासा तुकड्यांतच येतो. त्यामुळे अख्खा मासा कसा असतो, हे मी तिथे शिकले. आपा परीक्षा घ्यायची. मी मोरीला, म्हणजे छोट्या शार्कला, एकदा व्हेल म्हटलं, तर तिने ते माइकवरून सांगितलं.

माझं पहिलं वर्ष संपता संपता शेठनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की दिवाळीपर्यंत ज्या पाळण्याला बोर्ड मिळणार नाही, त्याची जागा जाईल. बोर्ड नसलेली एकटी चक्री होती, म्हणजे सगळ्यांना बोलवायची काही गरज नव्हती. तिच्या जागी पाच-डी येणार होतं. एक बंद काळी खोली, आत हलणाऱ्या खुर्च्या आणि तोंडावर उडणारं पाणी.

"आणि मासे?" आपाने विचारलं.

"वाया नाही जाणार, आपा," शेठ खरोखरच प्रेमाने म्हणाले. "हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये भिंतीला लावू. शोभा येईल."

त्या संध्याकाळी आपाने माइकवरून फक्त कंपन्यांची नावं घेतली. विम्याचं नाव, पाळणा सुटतोय. हॉस्पिटलचं नाव, गाड्या सुटतायत. पुढे एक अक्षर नाही. ती घाबरली आहे, हे मला त्यावरून कळलं.

मी पत्रं लिहायला बसले. एकोणीस कंपन्या. पत्रात मी 'मरीन-थीम्ड हेरिटेज कॅरोसेल' असं लिहिलं होतं. लपवायचं असं काही मनात नव्हतं. इंग्रजीत ते छान दिसत होतं, एवढंच. अठरा ठिकाणांहून उत्तर नाही. एकोणिसावी मुंबईची एक फरसाणवाली कंपनी. नाव सांगत नाही. करारात नावाच्या वापराबद्दल तीन पानं होती आणि ती मला अजून पाठ आहेत. त्यांनी उत्साहाने कळवलं, की आमचे कदमसाहेब जागा बघायला येत आहेत. सोबत अटींची यादी. चौथी अट अशी, की कंपनी शुद्ध शाकाहारी असल्यामुळे तिच्या बोर्डाजवळ मांस, मासे, अंडी यांचं चित्र किंवा प्रतिकृती असता कामा नये.

मी आपाला अट वाचून दाखवली. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "येऊ दे त्याला."

कदमसाहेब चाळिशीचे, पांढरा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. चक्री पाहून त्यांनी आधी पाणी मागितलं.

"मॅडम," ते मला म्हणाले, "हे मासे आहेत."

मी माझ्या चपलांकडे बघत हो म्हटलं.

"तुम्ही मरीन लिहिलं होतं. मला वाटलं, डॉल्फिन वगैरे. डॉल्फिन चालला असता. डॉल्फिनला कोणी खात नाही." मग थोडं सावरून म्हणाले, "एक करता येईल. हे काढून आमचा मॅस्कॉट बसवू. हसरा शेंगदाणा. बारा शेंगदाणे."

"शेंगदाण्यावर पोर बसणार कसं?" आपा म्हणाली. "त्याला पाठ कुठाय?"

"डिझाइन टीम बघेल."

"बघू दे हां. शेंगदाण्याला पाठ आणू दे. तोपर्यंत साहेब, आलायत तर आमचा माल तरी बघा."

आणि ती त्यांना घेऊन चक्रीभोवती निघाली. हातात माइक होता, पण बंद. मी चार पावलं मागे.

"हा बांगडा. ही मोरी. हा बोंबील, याच्यावर पोरं टिकत नाहीत, घसरतात. हा खेकडा, हा फक्त जुळ्यांना देतो, दोघं बसतात. आणि ही सुरमई."

मी थबकले. तिचा हात रावसावर होता. मिरकरवाड्यात जन्मलेली बाई, मला व्हेलवरून सहा महिने चिडवणारी, रावसाला सुरमई म्हणत होती. मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे न बघता नारिंगी बूट माझ्या पायावर ठेवला.

कदमसाहेब पुढे गेले होते. दोन पावलं गेले आणि परत आले.

"सुरमई?" ते म्हणाले.

"सुरमईच."

"नाही हो."

"आता तुमाला काय कळणार, साहेब? तुमी शाकाहारी कंपनीतले."

"अहो, रावस आहे तो!" साहेबांचा आवाज एकदम चढला. "मिशा दिसत नाहीत हनुवटीखाली? सुरमईला मिशा असतात कधी? सुरमई तिकडे आहे, त्या मोरीच्या पलीकडे, पट्टेवाली!"

मग त्यांना आपलं ओळखपत्र आठवलं असावं. त्यांनी ते उलटं करून खिशात सरकवलं.

आपाने अगदी हळू विचारलं, "साहेब, गाव कुठलं?"

"खेड तालुका," साहेब म्हणाले. "जगबुडी नदीच्या काठचा."

"मग आधी सांगायचं नाय? बसा."

"नको, मी..."

"फिरून या. मग बोला."

साहेब रावसावर बसले. आपाने मोटर चालू केली. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्यांनी एका हाताने त्या काथ्याच्या मिशा धरल्या होत्या. उतरल्यावर बराच वेळ पँट झटकत राहिले.

"आईबरोबर बाजारात जायचो मी," ते म्हणाले. "तिला एकदा कुणी रावस म्हणून भलतंच दिलं होतं. आठवडाभर घरात तोच विषय." मग सुस्कारा टाकून, "पण ते कलम आहे हो, आपा."

'मॅडम' वगळून ते थेट 'आपा'वर आले होते. आपानेही ते हेरलं.

"कलम कशाला हाय? मासे नकोत म्हणून. हे मासे हायत कुठे? वाजवून बघ." तिने बांगड्यावर टकटक केली. "फणस हाय फणस. झाडाचा. तुझ्या फरसाणात शेंगदाणा, माझ्या चक्रीत फणस. कोण जास्ती शाकाहारी?"

"हे मला कळतंय," साहेब म्हणाले. "लीगलला कसं कळवू?"

समुद्रावरून वारा येत होता. मी म्हटलं, "प्लांट-बेस्ड."

"काय म्हणालीस?" आपा.

"हंड्रेड परसेंट प्लांट-बेस्ड सीटिंग," मी म्हटलं. चपलांकडे बघत.

कदमसाहेबांनी खिशातून फोन काढला आणि ते तिथेच, खेकड्यावर बसून, टाइप करू लागले.

आठवड्याने लीगलचं उत्तर आलं. हरकत नाही, दोन अटी. एक, आसनं वनस्पतिजन्य असल्याचा बनवणाऱ्याचा दाखला. दोन, प्रत्येक आसनावर फरसाणाच्या पाकिटावर असतो तसा हिरवा ठिपका, चौकटीसकट. दाखल्यासाठी मी आणि आपा मिरकरवाड्यात सुताराच्या घरी गेलो. ते आता ऐंशीच्या पुढचे. मी टाइप करून नेलेला कागद त्यांनी मोठ्याने वाचला : "दाखला देण्यात येतो की सदर अकरा मासे व एक खेकडा हे फणसाचे असून..." मग चष्मा काढून आपाकडे बघितलं. "हाजरा, हे कोणाला द्यायचंय?"

"मुंबईला."

"मग ठीक हाय," म्हणाले, आणि सही केली.

हिरवे ठिपके आपाने स्वतः रंगवले. बोंबलावर ठिपका बसेना, इतका तो बारीक; तेव्हा त्याच्या कपाळावर लावला.

उद्घाटन दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ठरलं. कंपनीच्या सर्वांत मोठ्या मॅडम मुंबईहून येणार होत्या. सकाळी मी पार्कच्या फाटकापाशी पोचले आणि तिथेच मला वास आला. आत कदमसाहेब चक्रीपाशी उभे होते. चेहरा पांढरा.

"आपा," ते कुजबुजले, "काय लावलंय यांना?"

मासे लखलखत होते. ठिपके पाचूसारखे.

"तेल," आपा म्हणाली. "पाहुणे यायचे म्हणजे चकाकायला नको? काल दिवसभर चोळत होतंय."

"कसलं तेल?"

"होडीला लावतात तेच."

"म्हणजे माशाचं!"

"मग काय खोबरेल लावू? वाळवी लागेल."

कदमसाहेबांनी मटकन बसायला जागा शोधली, पण सगळ्या जागा तेलकट होत्या. पुसायला वेळ नव्हता. मॅडमची गाडी आली. त्या उतरल्या, क्रीम रंगाची रेशमी साडी, आणि चक्रीपर्यंत येऊन थांबल्या. नाक किंचित वर.

"हा कसला वास आहे?"

मी चपलांकडे बघितलं. कदमसाहेबांनी क्षितिजाकडे बघितलं. शेठ उगाच फीत सरळ करू लागले. ती एक साधी चूक होती, कोकणात कुणालाही चूक न वाटणारी, आणि तिच्यापायी सगळं जाणार होतं.

आपाने माइक चालू केला.

"समुद्र, मॅडम," ती म्हणाली. अख्ख्या सड्यावर ऐकू गेलं. "समोरच हाय."

समोर समुद्र होता, याबद्दल वाद नव्हता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"किती फ्रेश," त्या म्हणाल्या.

त्यांनी फीत कापली आणि सुरमईवर बसून दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी निघताना मला म्हणाल्या, की हॉटेलच्या खोलीतही तोच वास येत होता. "इथे सगळीकडे समुद्रच आहे, नाही?" मी हो म्हटलं. त्यांच्या साडीच्या मागच्या बाजूला मोठा तेलकट डाग होता. तो मी आजपर्यंत कुणाला सांगितला नाही.

ते वर्ष चक्रीचं होतं. "...फूड्स प्रायव्हेट लिमिटेड यांची शुद्ध शाकाहारी मोरी सुटतेय," आपा सांगायची, "हात बाहेर काढू नका, चावत नाय, पण सवय लागेल." लोक ठिपक्यासोबत फोटो काढायला यायचे. ते फोटो मुंबईत पोचले. आणि वर्ष संपताना मॅडमचं पत्र आलं. मुंबईच्या मोठ्या मॉलमध्ये कंपनी मुलांसाठी खेळांचा मजला करत होती. चक्री तिकडे हवी होती. आपासकट. राहायला खोलीही देणार होते.

शेठना आनंद झाला. पाच-डीची ऑर्डर त्यांनी त्याच दिवशी दिली.

आपाने ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा मी वाचू लागले तेव्हा तिने कागदावर हात ठेवला.

"हितं राहिली तर?"

"इथे जागा नाही गं आता."

"म्हणजे भिंतीला."

"हो."

"तिकडे फिरेल?"

"रोज. दिवसभर."

ती चक्रीकडे बघत बसली. "ते म्हणायचे, चक्री उभी राह्यली की लाकूड फुगतं," ती म्हणाली. ते म्हणजे इब्राहिमभाई. मग माझ्याकडे वळून एकदम नेहमीच्या आवाजात, "लिही गो पीपीटी. माझ्या पण अटी हायत."

तीन अटी होत्या. माइकवर ती माशांची नावं आपल्याच बोलीत घेईल. तेल ती म्हणेल तेच लागेल. हे मी 'पारंपरिक मरीन-ग्रेड ऑइल' असं लिहिलं. आणि जून-जुलै चक्री पूर्ण बंद, त्या काळात आपा रत्नागिरीला. पावसाळ्यात मासेमारी बंद, तेव्हा तिचे मासेही जन्मात कधी फिरले नव्हते. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, की वातानुकूलित इमारतीत पावसाळी बंदी कशासाठी? मी आपाला विचारलं. ती म्हणाली, "अंडी घालायचा मोसम असतो, सांग." मी इंग्रजीत तसंच कळवलं. वकिलांनी पुढे काही विचारलं नाही. अंडी म्हटल्यावर त्यांना तो विषय लांबवायचा नसावा.

त्याच सुमारास मला पुण्यात नोकरी लागली होती. आपा जूनमध्ये घरी येते, पण तेव्हा मला रजा मिळत नाही. त्यामुळे मी तिला शेवटचं पाहिलं ते चक्री गेली त्या सकाळी.

ट्रकला कंपनीचा मोठा बॅनर बांधला होता, त्यावर हसरा शेंगदाणा आणि 'शुद्ध शाकाहारी'. वर ताडपत्री. तिच्या खालून मोरीची शेपटी हातभर बाहेर, शेपटीला लाल फडकं. आपा ड्रायव्हरशेजारी बसली, मांडीवर माइक. मी निरोप घेतला, घरी जायला निघाले आणि स्कूटर ट्रकच्या मागे महामार्गावरच्या हातखंब्यापर्यंत नेली. हेल्मेट काढलं नाही.

हातखंब्याला पोलिसाने ट्रक थांबवला.

"काय माल?"

"मासे," ड्रायव्हर म्हणाला.

पोलिसाने बॅनर वाचला. मग शेपटी बघितली. "बर्फ कुठाय?"

"यांना नाय लागत," आपा खिडकीतून म्हणाली.

त्याने ताडपत्री वर केली. बराच वेळ आत डोकं घालून उभा होता. बाहेर आला तेव्हा हसू दाबत होता. "हा तांबोसा काय हो, चाची?"

"तांबोसाच. लाल रंग उडालाय थोडा."

"मुंबईत कोण ओळखणार?"

"सांगीन ना मी," आपा म्हणाली.

मागे मिरकरवाड्याच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या, खऱ्या माशांच्या. बर्फाचं पाणी गळत होतं, हॉर्न वाजत होते. पोलिसाने आपाच्या ट्रकला पुढे व्हायचा हात केला. ड्रायव्हरने गिअर टाकला. आपाने त्याच्या हातावर हात ठेवला आणि खिडकीतून अर्धी बाहेर येऊन मागच्या गाडीला ओरडली, "तू हो पुढे, बाबा! तुझा माल नासेल!"

ती गाडी गेली. तिने दुसरीलाही हात केला. मग तिसरीला. चौथा एक टेम्पो होता, त्यात प्लायवूड होतं. त्यालाही तिने जाऊ दिलं.

"चाची," पोलीस म्हणाला, "आता निघा."

"निघतंय," आपा म्हणाली. "ती एसटी जाऊ दे."